अंडीचोर, बडा पा आणि आजीचा शाळिग्राम

आठवीत असताना मी आजीला सांगितलं होतं की तुझ्या देवघरातला शाळिग्राम हा देव नाही, मेलेला प्राणी आहे. कुठल्या तरी मासिकात वाचलं होतं. गंडकी नदीतले असे काळे गोटे फुटले की आत वेटोळ्या शंखाचा ठसा दिसतो, आणि तो समुद्रातल्या एका प्राण्याचा असतो, एवढं कळलं होतं. ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवणार नव्हतं. आजी तुळशीचं पान ठेवत होती. ती चिडली नाही. म्हणाली, "मंग त्याचं नाव काय होतं रे बाबू?"

"जीवाश्म," मी म्हणालो.

"ते झालं मेल्यावरचं. जिता होता तवाचं?"

मला उत्तर आलं नाही. पुढे इंजिनिअरिंग झालं, पुण्यात नोकरी लागली. कोड लिहिणाऱ्या माणसाचा निम्मा दिवस नावं देण्यात जातो: व्हेरिएबलला नाव, फंक्शनला नाव, टेबलला नाव. चुकीचं नाव दिलं की पुढे चार वर्षं कुणीतरी त्याला शिव्या घालतं. त्यामुळे आजीचा प्रश्न अधूनमधून आठवत राहिला. या लेखात मला मराठीतल्या आणि विज्ञानातल्या जीवाश्मांच्या शब्दांची थोडी झाडाझडती घ्यायची आहे. शब्द कोणी घडवला, त्यात काय बसतं, काय बाहेर राहतं, आणि तो शब्द कोणापर्यंत पोचतच नाही.

दगड झालेला जीव

सुरुवात 'जीवाश्म' या शब्दापासूनच करू. जीव अधिक अश्म. शब्द छोटा आहे, उच्चारायला फार अवघड नाही, आणि अर्थ पोटात घेऊन येतो. इंग्रजीतल्या 'फॉसिल'ला हे जमत नाही. तो लॅटिन 'फॉसिलिस'वरून आला, अर्थ फक्त 'खणून काढलेलं'. १५४६ साली अग्रिकोला या जर्मन विद्वानाने 'फॉसिल' गोष्टींवर अख्खं पुस्तक लिहिलं, त्यात खनिजं होती, रत्नं होती, माती होती. जमिनीतून निघालं की फॉसिल. त्यातल्या काही वस्तू कधीकाळी जिवंत होत्या हे युरोपात सर्वमान्य व्हायला पुढे बराच काळ गेला. १६६६ साली इटलीच्या किनाऱ्यावर एक मोठा शार्क पकडला गेला. निकोलस स्टेनोने त्याच्या डोक्याचं विच्छेदन केलं. लोक ज्यांना 'जिभेचे दगड' म्हणत होते ते हुबेहूब शार्कच्या दातांसारखे आहेत, हे त्याने पुढच्या वर्षी छापून मांडलं.

म्हणजे इंग्रजी शब्द वाद सुरू होण्याच्या आधीचा आहे आणि आपला शब्द वाद संपल्यानंतरचा. आपल्या परिभाषाकारांना निकाल माहीत होता, त्यांनी तो शब्दातच कोरून टाकला. हे मला पहिल्यांदा फार भारी वाटलं होतं. नंतर त्याच गुणात दोष दिसायला लागला.

कारण जीवाश्म दरवेळी अश्म नसतो. सायबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतून केसांसकट निघालेला मॅमथ दगड झालेला नाही. झाडाच्या राळेत अडकून पडलेला डास दगड झालेला नाही. चिखलात उमटून राहिलेलं पाऊल तर कधी जीवच नव्हतं, ते जीवाने केलेलं काम आहे. विज्ञान या सगळ्यांना फॉसिल म्हणतं. 'खणून काढलेलं' हा ढिला शब्द सगळ्यांना आत घेतो. 'जीवाश्म' मात्र दारातच विचारतो, तू जीव आहेस का आणि दगड झालास का?

याचा फटका मला स्वतःला बसलेला आहे. मी चंद्रपूरचा. आमच्याकडे कोळसा घरातल्या माणसासारखा. खाणी, मालगाड्या, औष्णिक केंद्राच्या चिमण्या, गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी पूड. शाळेत 'जीवाश्म' शब्द पहिल्यांदा भेटला तो 'जीवाश्म इंधन' या जोडीत. कोळसा निदान दगडासारखा दिसतो. पण पेट्रोल? बरीच वर्षं माझी समजूत होती की डायनोसॉर मेले, त्यांचे दगड झाले आणि ते दगड वितळून पेट्रोल झालं. वर्गातल्या निम्म्यांची तीच समजूत होती. खरं तर कोळसा झाडझाडोऱ्याचा आहे आणि खनिज तेल मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म जीवांचं. डायनोसॉरचा त्यात हिशोबात धरण्याजोगा वाटा नाही. इंग्रजी मुलांचाही हा गोंधळ होतोच, पण त्यांच्या शब्दाच्या मुळाशी निदान 'खणलेलं इंधन' आहे. आमच्या शब्दाच्या मुळाशी 'दगड झालेल्या जीवाचं इंधन' आहे. गैरसमजाची पहिली पायरी भाषेनेच बांधून दिली.

'जीवावशेष' असा एक शब्द मराठीत आहे. तो जास्त ढिला, म्हणून जास्त खरा. अवशेष म्हणजे मागे उरलेलं, मग ते हाड असो, राळेतला डास असो की पाऊल. पण आता शब्द बदला म्हणणं म्हणजे लाखो लोक वापरत असलेल्या एपीआयचं नाव बदलण्यासारखं आहे. पाठ्यपुस्तकं, बातम्या, हवामानबदलाच्या चर्चा, सगळं तुटेल. एवढंच करता येतं की शब्दासोबत शिक्षकाने एक वाक्य जास्त सांगावं: नावात अश्म आहे, पण नावावर जाऊ नका.

नाव एकदा मर्ज झालं की

नावावर जाऊ नका, हे जीवाश्मांच्या लॅटिन नावांबद्दल तर रोज म्हणावं लागतं.

१८३४ साली अमेरिकेत रिचर्ड हार्लनने मोठाल्या मणक्यांना 'बॅसिलोसॉरस' असं नाव दिलं, म्हणजे 'राजा सरडा'. काही वर्षांतच रिचर्ड ओवेनने दात पाहून दाखवून दिलं की हा सरपटणारा प्राणी नव्हेच, हा देवमासा आहे, आणि दुसरं नाव सुचवलं. ते टिकलं नाही. प्राण्यांना नावं देण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत अग्रक्रमाचं तत्त्व आहे: आधी रीतसर छापलेलं नाव चालणार, मग त्याचा अर्थ चुकीचा का असेना. त्यामुळे एक देवमासा आजही कागदोपत्री सरडा आहे.

१८४२ साली ज्याने 'डायनोसॉर' शब्द घडवला तो हाच ओवेन. ग्रीकमध्ये अर्थ 'भयंकर मोठा सरडा'. डायनोसॉर सरडे नव्हते. त्यांचे सगळ्यात जवळचे जिवंत वंशज म्हणजे तुमच्या खिडकीवर घाण करणारी कबुतरं आणि एकूण पक्षी. दुसऱ्याची चूक दुरुस्त करणाऱ्याच्या स्वतःच्या शब्दात तीच चूक राहून गेली.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ओविरॅप्टरचं. १९२३ साली मंगोलियाच्या वाळवंटात त्याचा सांगाडा अंड्यांच्या घरट्यावर सापडला. अंडी दुसऱ्या डायनोसॉरची आहेत असं धरून १९२४ साली हेन्री ऑस्बोर्नने त्याचं नाव ठेवलं 'अंडीचोर'. नाव फसवं ठरू शकेल, अशी शंका त्याने स्वतःच नोंदवली होती. सत्तर वर्षांनी तशाच एका अंड्यात गर्भ सापडला, तो ओविरॅप्टरच्याच कुळातला निघाला. पुढे याच कुळातले प्राणी घरट्यावर पाय दुमडून, हात पसरून बसलेले मिळाले. म्हणजे बिचारा बहुधा स्वतःचीच अंडी उबवत मेला होता. शंका नोंदवली होती, पण नाव राहिलं. आमच्याकडे प्रॉडक्शनमध्ये अशी नावं असतात, 'टेम्प' म्हणून कुणीतरी लिहिलेलं आणि सात वर्षं चाललेलं. फरक इतकाच की टेम्पची बदनामी होत नाही.

या शिस्तीला मी नावं ठेवत नाही. चुकीचं पण स्थिर नाव हे बरोबर पण दर दहा वर्षांनी बदलणाऱ्या नावापेक्षा उपयोगाचं असतं, हे कुठल्याही इंजिनिअरला पटेल. माझी तक्रार वेगळी आहे. हे लॅटिन नाव वर्णन नसून फक्त एक खूण आहे, हे मराठीत लिहिणारे आपण विसरतो. बातमी लिहिताना नावाचं भाषांतर आधी करतो आणि प्राण्याचं वर्णन नंतर, जागा उरली तर.

उलट टोकाचं एक नाव मला फार आवडतं. छिंदवाड्याजवळच्या मोहगाव कलानला लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेल्या गाळात वनस्पतींचे सुंदर जीवाश्म मिळतात. तिथल्या एका फळाला बिरबल साहनींनी १९४३ साली नाव दिलं 'एनिग्मोकार्पन', म्हणजे 'कोड्यात टाकणारं फळ'. कळलं नाही, तर कळलं नाही असं नावातच लिहून टाकलं. आणि त्याच ठिकाणच्या दोन फुलांची नावं बघा, 'साहनिअँथस' आणि 'साहनिपुष्पम्'. दोन्हींत साहनींचा मान, पण एकात ग्रीक फूल आणि दुसऱ्यात सरळ आपलं पुष्प. लॅटिनच्या चौकटीत संस्कृत फूल ठेवलं म्हणून विज्ञानाचं काही बिघडलं नाही.

देव, राजे आणि पाय

आपल्याकडच्या जीवाश्मांना भारतीय नावं द्यायची सुरुवात भारतीयांनी केली नाही. १८३६ साली फाल्कनर आणि कॉटली यांनी शिवालिक टेकड्यांतल्या एका धिप्पाड, जिराफाच्या नात्यातल्या प्राण्याला 'शिवाथेरियम' म्हटलं. मग ब्रह्माही आला, विष्णूही आला. १९१० साली पिल्ग्रिमने एका कपीला 'शिवापिथेकस' नाव दिलं. १९३४ साली लुईसने एकदम 'रामापिथेकस', 'ब्रह्मापिथेकस', 'सुग्रीवापिथेकस' काढले. यातला रामापिथेकस काही दशकं माणसाचा पूर्वज म्हणून मिरवला. नंतर जास्त हाडं मिळाली, तेव्हा तो शिवापिथेकसच असल्याचं दिसलं आणि अग्रक्रमाच्या नियमाने जुनं नाव उरलं. राम शिवात मिसळला, तेही कुठला पंथाचा वाद न होता, फक्त १९१० हे १९३४ च्या आधी येतं म्हणून.

स्वातंत्र्यानंतरची गोष्ट मला जास्त ओढून घेते. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये महालनोबिसांनी भूविज्ञानाचा विभाग उभा केला. तिथल्या लोकांनी प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, पोचमपल्ली गावाजवळ, एका प्रचंड सॉरोपॉडची शेकडो हाडं खणून काढली. पहिल्या हाडांमध्ये माणसाच्या उंचीएवढं मांडीचं हाड होतं. १९७५ साली त्याचं नाव छापलं गेलं: 'बारापासॉरस टागोराय'. बडा पा, म्हणजे मोठा पाय. टागोराय, कारण खणण्याच्या सुमारास रवींद्रनाथांची जन्मशताब्दी होती.

जीवाश्मांच्या भारतीय नावांतलं हे मला सगळ्यात उत्तम नाव वाटतं. संस्कृतात 'बृहत्पाद' करता आलं असतं, ग्रीकमध्ये 'मेगापोडस'सारखं काहीतरी करता आलं असतं. त्यांनी उन्हात हाड उचलताना तोंडातून निघेल तो शब्द घेतला. देव नाही, राजा नाही, पाय. नाव ऐकलं की हाड दिसतं.

याच्या बाजूला अलीकडची नावं ठेवून बघा. २००३ सालचा 'राजासॉरस', नर्मदेकाठचा मांसाहारी. २०२४ सालचा 'वासुकी इंडिकस', कच्छमधल्या लिग्नाइटच्या खाणीतला सुमारे ४.७ कोटी वर्षांपूर्वीचा साप. नावं चांगली आहेत, ऐकताच लक्षात राहतात. पण वासुकीच्या बातम्या आठवा. फोनवर जे काही येऊन पडलं त्यात समुद्रमंथन पहिल्या दोन ओळींत होतं. २७ मणक्यांवरून ११ ते १५ मीटर लांबीचा अंदाज कसा बांधतात, तो अंदाज एवढा ढगळ का, हे फार थोड्या ठिकाणी होतं. मोठ्या नावाने दार उघडतं, आणि लोक दारातूनच परत जातात. बडा पाच्या बाबतीत तसं होत नाही, कारण त्या नावात पायाशिवाय थांबायला दुसरी जागाच नाही.

साचा, ठसा, लेंडी

आता मराठीकडे परत येतो. जीवाश्म कसा बनला याचे मुख्य प्रकार सांगणारे शब्द आपल्याकडे आधीपासून तयार आहेत. शिंपला गाळात रुतला, विरघळून गेला, त्याच्या आकाराची पोकळी राहिली: तो साचा. त्या पोकळीत पुढे दुसरा गाळ भरून घट्ट झाला: ते ओतकाम. पान दबलं आणि नुसती नक्षी उमटली: तो ठसा. गणपतीच्या कारखान्यात उभं राहिलेलं कुठलंही पोर साचा आणि त्यातून निघालेली मूर्ती यांतला फरक जाणतं. हे शब्द कुणी समिती बसवून केलेले नाहीत, ते हाताने काम करणाऱ्यांचे आहेत.

दगडांबद्दल मराठी मुळीच गरीब नाही. विहीर खणणारा माणूस मुरूम, मांजऱ्या आणि काळा पाषाण यांतला फरक पहारीच्या आवाजावरून सांगतो. गारगोटी, चुनखडी, शाडू, गेरू, प्रत्येकाला वेगळं नाव, कारण प्रत्येकाशी वेगळं काम. मग जीवाश्मालाच बोलीतला शब्द का नाही? मला वाटतं, याचं उत्तर जमिनीत आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग लाव्हा थंड होऊन झालेल्या बेसॉल्टचा. उकळत्या लाव्हात जीवाश्म टिकत नाहीत. ते सापडतात दोन लाव्हांच्या मधल्या काळात साचलेल्या तळ्यांच्या गाळात, नाहीतर लाव्हाखालच्या आणि लाव्हा न पोचलेल्या भागातल्या जुन्या खडकांत. पायाखाली येतच नव्हते, म्हणून जिभेवर आले नाहीत.

या बेसॉल्टच्या नावाचीही गंमत आहे. आपण 'दख्खन ट्रॅप' म्हणतो आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात सापळा येतो. तो 'ट्रॅप' स्वीडिश 'ट्रापा'वरून आला, अर्थ जिना. सह्याद्रीच्या कड्यांच्या पायऱ्या पाहिलेल्या कुणालाही हा शब्द लगेच पटेल. पण पटण्यासाठी तो कुणीतरी 'पायऱ्या' म्हणून सांगायला हवा. आम्ही सापळा तसाच ठेवला.

आमचा चंद्रपूर जिल्हा मात्र लाव्हाच्या कडेला पडतो. इथल्या कोळशाच्या थरांसोबत ग्लॉसोप्टेरिसची पानं सापडतात. या नावाचा अर्थ 'जिभेसारखं नेचं', आणि तेही नेचं नव्हतंच, बी धरणारं झाड होतं. त्याच झाडाचे जीवाश्म दक्षिण ध्रुवावरून परतताना मेलेल्या स्कॉटच्या तुकडीजवळ सापडले. भारत आणि अंटार्क्टिका कधीकाळी जोडलेले होते, याचा एक पुरावा म्हणजे हे पान. त्या जोडलेल्या भूखंडाला जग गोंडवाना म्हणतं. १८७२ साली मेडलिकॉटने इथल्या खडकांना हे नाव दिलं आणि पुढे एडुआर्ड झ्यूसने ते अख्ख्या महाखंडाला लावलं. ज्यांच्या नावाने जगभरचे भूवैज्ञानिक आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका एकत्र बांधतात ते गोंड लोक माझ्या वर्गात होते. त्यांना हे कुणी सांगितलं नाही. मलाही नाही.

आणि वरोऱ्याकडचं डोंगरगाव. तिथे टायटनोसॉर कुळातल्या एका डायनोसॉरचा बराचसा सांगाडा मिळाला. १९९७ साली त्याला 'टायटनोसॉरस'च्या खात्यात टाकलं होतं. मग लक्षात आलं की 'टायटनोसॉरस' हे १८७७ सालचं नाव ज्या जबलपूरच्या मणक्यांवर उभं आहे, त्यांत वेगळेपण सांगणारं काहीच उरलेलं नाही. तशा खुणा पुढे कितीतरी प्राण्यांत सापडल्या. जुनं नाव संशयित ठरलं आणि २००३ साली डोंगरगावच्या प्राण्याला स्वतःचं नाव मिळालं: 'आयसिसॉरस'. आय-एस-आय, म्हणजे ती कोलकात्याची संस्था. संस्थेचा मान योग्यच आहे, काम त्यांनीच केलं. पण नावात ना डोंगरगाव, ना वरोरा, ना चंद्रपूर. मी या जिल्ह्यात अठरा वर्षं राहिलो आणि डायनोसॉर हा शब्द टीव्हीवरच्या हिंदी डब केलेल्या 'जुरासिक पार्क'मधून शिकलो. माझ्या शाळेतून डोंगरगावला सहल सहज गेली असती. आम्हाला दरवर्षी वॉटर पार्कला नेलं.

जवळच्याच पिसदुराचं नाव मात्र लॅटिनमध्ये गेलं आहे. १९७७ साली तिथल्या एका कासवाच्या जातीला 'पिसदुरेन्सिस' म्हटलं गेलं. पण पिसदुरा जगाला माहीत आहे ते वेगळ्या कारणाने. तिथे डायनोसॉरची विष्ठा सापडते, दगड झालेली. १८२९ साली बकलंडने अशा वस्तूंसाठी 'कोप्रोलाइट' शब्द घडवला. संस्कृतात करायचा तर 'विष्ठाश्म' होतो. पिसदुऱ्याच्या या दगडांत गवताचे सूक्ष्म सिलिका-कण मिळाले, आणि २००५ साली ते प्रसिद्ध झालं, तेव्हा डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतं ही जुनी समजूत मोडली. जगाच्या पुस्तकात एक ओळ बदलली ती माझ्या जिल्ह्यातल्या शेणामुळे.

मागच्या डिसेंबरात मी तिकडे जाऊन आलो. काही उचलायला नाही, नुसतं बघायला. एका धुऱ्यावर बसलेल्या काकांनी विचारलं की शहरातली माणसं येऊन इथे खाली मान घालून काय शोधतात. मी सुरुवात केली, "काका, हे जीवाश्म आहेत, म्हणजे विष्ठाश्म..." त्यांनी मान डोलावली, ती न कळल्याची. मग म्हणालो, "लेंडी आहे जी ही. लई जुन्या जनावराची. दगड झाली." ते हसले. वाकून एक गोटा जवळून पाहिला आणि म्हणाले, "लेंडी? कोन्या जनावराची? खात काय होतं?"

हाच तो संशोधकांचा प्रश्न. योग्य शब्द मिळाल्याबरोबर दुसऱ्या वाक्यात ते तिथे पोचले. 'विष्ठाश्म' चुकीचा नाही. मी कोशातून तो काढून टाका म्हणणार नाही, नेमकेपणासाठी असे शब्द लागतात. पण तो प्रश्न सुचू देत नाही. परिभाषेचं मूल्यमापन करताना आपण शब्द शुद्ध आहे का, अर्थ नेमका आहे का, एवढंच तपासतो. ऐकणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारता येतो का, हे कुणी तपासत नाही. आणि याची किंमत असते. ज्याला गोटा हा नुसता गोटा वाटतो तो बांध घालायला वापरतो, त्यात त्याचा दोष काय?

जिता होता तवाचं

शाळिग्रामाचं राहिलं. आजीच्या गोट्यातला प्राणी अमोनाइट. गोगलगाय नव्हे, कोकणातल्या बाजारात मिळणाऱ्या माकुलाचा लांबचा नातेवाईक. हिमालयाच्या जागी समुद्र होता तेव्हा त्यात पोहणारा. 'अमोनाइट' हे नाव मी बरीच वर्षं आजीच्या देवाला दिलेलं वैज्ञानिक उत्तर समजत होतो. मग कळलं की ते अमोन या इजिप्शियन देवावरून आलंय. त्याला मेंढ्याची वळलेली शिंगं होती, आणि रोमन प्लिनीने अशा दगडांना अमोनची शिंगं म्हटलं होतं. इंग्लंडात व्हिटबीला लोक त्यांना संत हिल्डाने दगड केलेले साप समजत, काही दुकानदार तर त्यांना सापाची तोंडं कोरून विकत. त्या हिल्डाच्या नावाने आज 'हिल्डोसेरास' ही रीतसर प्रजाती आहे. म्हणजे मी एका देवाला दुसऱ्या देवाच्या नावाने खोडून काढत होतो.

शाळिग्रामाच्या परंपरेत चक्रं किती, तोंड कुठे, रंग कोणता यावरून लक्ष्मीनारायण, दामोदर, नृसिंह अशी नावं ठरतात. अमोनाइटच्या अभ्यासात वेढे किती, कंगोरे कसे, कप्प्यांच्या रेषा कुठून जातात यावरून नावं ठरतात. दोन्हींत बारकाईने बघणं आहे. फरक तपासण्याच्या पद्धतीत आहे: एका यादीतलं नाव नवा नमुना सापडल्यावर खोटं ठरू शकतं, दुसऱ्या यादीतलं नाही. हा फरक मोठा आहे आणि तो मला पुसायचा नाही. पण परंपरेत वज्रकीटाची गोष्टही आहे, एक किडा हा दगड कोरतो अशी. दगडाच्या आत कुणीतरी जिवंत होतं, असा संशय तिथेही आलेला होता.

आजी जाऊन तीन वर्षं झाली. शाळिग्राम काकूकडे आहे, पूजेत आहे. आजीला द्यायचं उत्तर आता माझ्याकडे आहे, आणि ते फार साधं आहे. जिता होता तेव्हा त्याला नाव नव्हतं. शेवटचे अमोनाइट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपले, आणि आपण माणसं आलो त्याला जेमतेम तीन लाख वर्षं झाली. हाक मारणारं कुणी नव्हतं. सगळी नावं मेल्यावरचीच आहेत, 'जीवाश्म'सुद्धा, 'अमोनाइट'सुद्धा, 'नारायण'सुद्धा. म्हणूनच ती देताना सांभाळून द्यायची.

पुण्याला परत येताना गाडीत मी फोनवर पिसदुऱ्यासाठी एका फलकाचा मजकूर लिहून पाहिला. अजून नोट्समध्ये पडून आहे: "इथे लाखो नाही, कोट्यवधी वर्षांपूर्वी फार मोठी जनावरं चरत होती. त्यांच्या लेंड्यांचे दगड झाले आहेत. त्यांत गवत सापडलं. त्याआधी जगाला वाटत होतं की तेव्हा गवत नव्हतं. हे दगड उचलू नका, अजून त्यांना बरंच विचारायचं आहे."

'जीवाश्म' शब्द त्यात कुठे घालायचा हे ठरत नाहीये. बहुधा सगळ्यात खाली, एका ओळीत: यांना जीवाश्म म्हणतात.